आत्ता म्हणजे मी

४ तारीख, सोमवार

काल पोचलो. खोली इस्त्रीच्या दुकानावर आहे. फरशी दिवसभर कोमट असते, त्यामुळे धाकटा अनवाणी फिरतो आणि मी ओरडत नाही. दोन खाटा, एक खिडकी, कोपऱ्यात मोरी. मुलं दुपारची झोपलीत तेवढ्यात लिहितेय. वही माझ्या शिवणाच्या दुकानातली आहे. मागच्या पानांवर काजांची मापं आहेत, पुढची पानं कोरी होती. घरी मी कधी रोजनिशी लिहिली नाही, काज-बटणाच्या मशीनवर बसलं की दिवस कुठे जातो कळत नाही. पण उद्या कुणी म्हणालं की तू असं केलंस नि तसं केलंस, तर माझ्याजवळ लेखी असावं.

तर लेखी असं. माझा धाकटा भाऊ जाऊन सव्वादोन वर्षं झाली. त्याची थोरली तेव्हा साडेचार वर्षांची होती आणि धाकटा सहा महिन्यांचा. भावजय कामासाठी या शहरात आली, मुलं माझ्याकडे राहिली. "घर मिळालं की नेते, ताई," म्हणाली होती. आता पावाच्या कारखान्यात कायम झाली, दोन खोल्या मिळाल्या, आणि फोन आला. एकदम नेलं तर मुलं बावरतील, म्हणून दोन आठवडे आम्ही इथे राहायचं, रोज तिच्या घराजवळच्या बागेत भेटायचं, मग मुलं तिच्याकडे आणि मी परत. हे तिचं ठरलं. माझं ठरलंय ते वेगळं. १७ तारखेच्या परतीच्या गाडीची तिकिटं मी तीन काढली आहेत. धाकट्याला लागत नव्हतं, तरी काढलं. त्याची जागा त्याच्या नावावर पाहिजे. वर्षातून दोनदा येणारी बाई चार दिवस बागेत येऊन बसली म्हणून काही आई होत नाही. कुठे राहायचं ते मुलंच सांगतील, आणि ती काय सांगतील हे मला माहीत आहे.

सकाळी बाग बघून आलो. लहानशी आहे. घसरगुंडी, चार झोपाळे, वाळूचा चौकोन, लांब त्या टोकाला पिण्याच्या पाण्याचा नळ. फाटकावर पाटी: मुलांना पालकांसोबतच प्रवेश. पाटीखाली रखवालदार, गळ्यात शिट्टी.

"आई का तुम्ही?" त्याने विचारलं.

"आत्या."

"मग नाही जमायचं. पालक पाहिजे."

"पाळतो तो पालक," मी म्हटलं. "मी पाळलीत. भाजीतला पालक हवा असेल तर बाजारात बघा."

तो पाटीकडे बघत बसला, तेवढ्यात आम्ही आत गेलो. माझ्या मागे त्याने एकदा शिट्टी वाजवली, पण अगदी हळू. त्याच्या सदऱ्याचं दुसरं बटण निघायला आलंय.

५ तारीख, मंगळवार

भावजय आली. पहाटेची पाळी करून तीनला सुटते, सव्वातीनला बागेत. वाळलीय. कोपराला पीठ तसंच होतं. धाकटा माझ्या साडीत तोंड खुपसून उभा राहिला, तो पाऊण तास. तिने त्याला ओढलं नाही, हात पुढे केला नाही, शेजारी वाळूत बसली आणि एकटीच खड्डा खणत राहिली. मला हसूच आलं. एवढी मोठी बाई.

थोरली बाकावर माझ्याजवळ बसली. "आत्या, तहान लागली," म्हणाली. मी बाटली घेऊन नळावर गेले. परत आले तेव्हा ती तिथेच होती, फक्त बाकाच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या आईच्या बाजूला. थोड्या वेळाने पुन्हा तहान. या गावची हवा कोरडी आहे.

खोलीवर येताना थोरली आपणहून म्हणाली, "मला आई नाही आवडली." म्हणाली ती बुटांकडे बघत. मी तिला जवळ घेतलं. मुलांना बरोबर कळतं. भरीला घालायची गरजच पडली नाही.

८ तारीख, शुक्रवार

मधले दोन दिवस लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज मात्र भांडण झालं आणि ते मी केलं.

धाकट्याला 'आत्या' म्हणता येत नाही, तो मला 'आत्ता' म्हणतो. घरी सगळ्या आळीला ठाऊक आहे. मी दुकानातून आले की दारात उभा राहून आत्ता, आत्ता असा घोष चालतो. आज तो पहिल्यांदा घसरगुंडीच्या वरच्या टोकाला चढला आणि तिथे अडकला. मी नळावर होते (थोरलीची तहान). वरून ओरडायला लागला, "आत्ता! आत्ता!" खाली भावजय उभी. तिला वाटलं, पोराला आत्ता यायचंय. हात पसरून म्हणते, "आत्ता? बरं, आत्ता. ये, आत्ता ये." आणि तो आला की. घसरत थेट तिच्या हातात.

मी पाणी सांडत धावत आले. म्हटलं, "तो मला हाक मारत होता."

"तुम्हाला?"

"आत्ता म्हणजे मी. आत्या. तुला आपल्या पोराचे शब्दसुद्धा माहीत नाहीत आणि निघाली न्यायला."

जरा जास्तच मोठ्याने बोलले असेन. रखवालदाराने इकडे बघितलं. धाकटा भावजयीच्या कडेवरून मला बघत होता, मग माझ्याकडे झेपावला. मी घेतला. तिने लगेच दिला.

"मला ठाऊक नव्हतं, ताई," एवढंच म्हणाली.

कसं ठाऊक असणार? शब्द काय टपालाने पाठवायचे असतात? मला वाईट वाटायचं काही कारण नाही. खरं ते बोलले.

९ तारीख, शनिवार

बागेत दुसरी पाटी आहे: बारा वर्षांवरील व्यक्तींनी खेळण्यांवर बसू नये. कालच्या भांडणानंतर तिघंही गप्प गप्प, मला ते सहन होईना. गेले आणि झोपाळ्यावर बसले. एक्कावन्न वर्षांची, अंगापिंडाने भरलेली बाई. साखळ्या कुरकुरल्या. पहिलाच झोका घेतला तोवर शिट्टी.

"बाई, उतरा. पाटी वाचा."

"वाचली."

"बारा वर्षं लिहिलंय."

"मग तुम्ही उतरवा मला."

तो पुढे आला, मी झोका वाढवला, तो मागे सरला. असं चार वेळा झालं. धाकटा वाळूत लोळून हसत होता. भावजय ओढणी तोंडावर धरून हसत होती. भाऊ गेल्यानंतर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. शेवटी मीच उतरले, माझ्या मर्जीने. रखवालदाराचं बटण तिथल्या तिथे लावून दिलं, सुईदोरा पर्समध्ये असतोच. त्यानंतर तो मला 'आत्याबाई' म्हणायला लागला.

थोरली हसली नाही. ती माझ्याकडे आणि आईकडे आळीपाळीने बघत होती. आज तिला तीनदा तहान लागली.

१० तारीख, रविवार

आज तिचं घर पाहिलं. खोट काढायलाच गेले होते, कशाला लपवू. खिडकीची खिट्टी ढिली. जिना अंधारा, कठड्याची एक सळई गायब. धाकट्याचं डोकं त्यातून सहज जाईल. तसं म्हटलं तर भावजय म्हणाली, "दोरी बांधलीय ताई, बघा." बांधली होती, घट्ट आणि नीट.

आत सगळं स्वच्छ. दाराजवळ भिंतीवर दोन खुंट्या मुलांच्या उंचीला मारलेल्या. एकीवर तिने स्वतः शिवलेला फ्रॉक अडकवला होता, थोरलीसाठी. माझी नजर आधी काजांवर गेली. हाताने केलेली, वाकडीतिकडी. आणि माप मागच्या वर्षीचं. काखेत रुतत होता, पाठीची तीन बटणं लागलीच नाहीत. भावजय म्हणाली, "मला वाटलं, एवढीच असेल."

मी म्हटलं, "वर्षभरात मुली वाढतात."

माझा मुद्दा सिद्ध झाला. पण थोरली भलतीच हट्टी. फ्रॉक काढायलाच तयार होईना. पाठ उघडी टाकून तशीच जेवली, तशीच खोलीपर्यंत चालत आली, हात खाली घेता येईनात तरी. आता तो घालूनच झोपलीय. काखेत वळ उठतील. उठली की उसवून देते, दोन इंच कापड आत आहे. भावजयीने शिवणीत कापड मात्र भरपूर सोडलंय. ते बरं केलं.

१२ तारीख, मंगळवार

आजचं लिहायलाच हवं.

झोपाळ्याच्या पुढून जाऊ नये हे धाकट्याला शंभरदा सांगितलंय. आज गेला. मोठ्या मुलाच्या झोपाळ्याची फळी हनुवटीला लागली. रक्त. मी बाकावर होते, भावजय वाळूजवळ. दोघी एकदम धावलो. मी जवळ होते, आधी मी पोचले. गुडघ्यांवर बसले, हात पसरले. तो ओरडत होता, "आत्ता! आत्ता!" डोळे मिटलेले, तोंड रक्ताने भरलेलं.

आणि मला ओलांडून गेला. माझ्या हाताला त्याचा खांदा लागला, तरी थांबला नाही. सरळ तिच्याकडे. "आत्ता," म्हणत तिच्या मानेत तोंड घातलं.

भावजयीने माझ्याकडे बघितलं. शपथेवर सांगते, तिच्या तोंडावर जिंकल्याचं काही नव्हतं. घाबरली होती. म्हणाली, "ताई, मी शिकवलं नाही त्याला. त्या दिवसापासून तो आत्ता म्हणाला की मी म्हणते आत्ता आले, आणि जाते. एवढंच केलं मी."

रखवालदाराने पाणी आणलं, रुमाल आणला. जखम लहान होती. टाके नाही लागले, पट्टीवर भागलं. दवाखान्यात पट्टी मारणारा विचारत होता, आई कोण? मी बोलणार तोवर भावजय म्हणाली, "आम्ही दोघी आहोत."

शब्द माझा होता. मी त्याच्या उशाशी बसून काढलेला, पहिल्या दाताबरोबर आलेला. तो आता कुणासाठीही वापरतो. जो हाकेला येईल त्याच्यासाठी. मला राग आलाय. कुणाचा ते नीट सांगता येत नाही, पण आलाय.

१३ तारीख, बुधवार

आज मुद्दाम लगेच नळापर्यंत गेले नाही. थोरलीने बाटली दिली, "आत्या, पाणी संपलं," मी घेतली, झुडपाच्या वळणापर्यंत गेले आणि मागे फिरले. थोरली आईच्या मांडीवर बसली होती. पावणेसात वर्षांची मुलगी, पाय जमिनीला टेकतात, तरी मांडीवर. आईच्या बाहीत नाक खुपसून काहीतरी सांगत होती, भराभर, एकेका दिवसाचं साचलेलं. मग नळावर जाऊन बाटली भरली, मागून येऊन हळूच बाकावर ठेवली आणि लांब झुडपाआड जाऊन बसले. दहा मिनिटांनी थोरलीने मान वर केली, मी दिसत नाही हे बघितलं, बाटलीचं झाकण काढलं आणि सगळं पाणी फुलझाडांच्या वाफ्यात ओतलं. मग मला शोधत आली.

"आत्या, पाणी संपलं."

नऊ दिवस मी त्या नळाच्या खेपा घालतेय. तेही असल्या दुखऱ्या गुडघ्यांनी.

मी विचारलं, "तहान लागते की मला पाठवायचं असतं?"

बाटलीचं झाकण फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुला वाईट वाटलं असतं."

"म्हणून आई आवडत नाही म्हणालीस?"

तिने होकाराची मान हलवली. रडली नाही. मलाच म्हणाली, "तू रडू नकोस हं." मी रडत नव्हते. डोळ्यांत वाळू गेली होती, तिथे वारा फार आहे.

सात वर्षांचीही नाही पुरती, आणि मला सांभाळत होती. हे मी शिकवलेलं नाही. शिकवलं असेल तर मला कळलं नाही. ती आईजवळ असते तेव्हा आईने पाठीवरून हात फिरवला तरी दचकते, मी बघेन म्हणून. मला याची लाज वाटली. राग तर आहेच, पण लाज जास्त.

१४ तारीख, गुरुवार

खोलीतच थांबले. भावजय मुलांना घेऊन गेली बागेत. रखवालदाराने तिला विचारलं म्हणे, आत्याबाई कुठायत, झोपाळे सुनेसुने वाटतात. मोठा आला विचारणारा.

१५ तारीख, शुक्रवार

आज भावजयीला सांगून टाकलं. मुलं वाळूत होती. म्हटलं, "मी परतीची तीन तिकिटं काढली होती. मुलांना परत न्यायला. तुला न सांगता."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तीन तिकिटं. थोरलीने पहिल्याच दिवशी सांगितलं, तुम्ही पाण्याला गेलात तेव्हा."

मी म्हटलं, "आणि तू गप्प बसलीस? रोज येऊन खड्डे खणत? मी पोरांना घेऊन रातोरात पसार झाले असते तर?"

"दोन वर्षं तुमच्यावर सोडली, ताई. सहा महिन्यांचं पोर सोडलं. तेव्हा विश्वास ठेवला तो या बारा दिवसांसाठी काढून घेऊ?" मग म्हणाली, "भीती वाटत होती. खोटं कशाला बोलू. रोज तीन वाजता कारखान्यातून पळत निघायचे. बागेत तुम्ही तिघं दिसलात की मग श्वास घ्यायचे."

असं बोलून लोक माणसाला अडकवतात. आरडाओरडा केला असता तर मी तिला पुरून उरले असते. पुढे म्हणाली, "तुम्ही पण राहा इथेच. शिवणकाम इथेही मिळेल." मी म्हटलं, माझं दुकान आहे, माझी गिऱ्हाईकं आहेत, मी कुणाच्या घरात कोपऱ्यातली ताई होऊन राहायची नाही. ती म्हणाली, "कोपऱ्यात कोण बसवतंय तुम्हाला? तुम्ही तर झोपाळ्यावर बसता." एवढ्या दुःखात मला हसवलं तिने. भावाने बायको बरी शोधली होती. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

दोन तिकिटं रद्द करून आले. खिडकीतल्या माणसाने कारण विचारलं. मी म्हटलं, पोरं त्यांच्या आईकडे राहताहेत, त्यात तुम्हाला काय अडचण आहे? तो म्हणाला, अडचण नाही बाई, रकाना भरायचा असतो.

१६ तारीख, शनिवार

शेवटचा दिवस. मुलांचे कपडे सकाळीच पोचवले. दुपारी बागेत भावजयीला शेजारी बसवलं आणि म्हटलं, "घे लिहून. पुन्हा सांगणार नाही." तिच्याजवळ पावाच्या वेष्टनाचा कागद होता, त्याच्या पाठीवर लिहायला लागली.

थोरलीचं सोपं आहे. तापात पाय चेपायचे, डोकं नाही. गणित चुकलं की तिला हसायचं नाही. "काही नाही" म्हणाली की काहीतरी असतं. आणि यापुढे तिला कुणाची समजूत घालायला लावायची नाही, ते काम मोठ्यांचं. हे वाक्य मी दोनदा लिहून घ्यायला लावलं.

मग धाकट्याचे शब्द. 'गुर्र' म्हणजे शिलाई मशीन, आणि मशीनजवळ झोपायची सवय आहे, तेव्हा झोप नाही आली तर जिभेने तसा आवाज करायचा. भावजयीने तिथेच करून बघितला. चुकीचा होता, मी दुरुस्त केला. रखवालदार वळून बघायला लागला. 'टोपी' म्हणजे कान दुखतोय, कारण कान दुखला की मी त्याला टोपी घालते. 'भुम' म्हणजे कुठलीही गाडी, पण 'भूऽम' म्हणजे पाणी ओतून दे. 'उद्या' म्हणजे नको.

"उद्या म्हणजे नको?"

"मी त्याला नाही म्हणायचं असलं की उद्या म्हणते. त्याला अर्थ कळला."

ती लिहीत होती, खालच्या ओळी वाकड्या होत चालल्या. 'आत्ता' तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ते तिला येतं. मधे एकदा तिने पेन ठेवलं आणि म्हणाली, "किती माहीत आहे तुम्हाला." मी म्हटलं, "लिही, उन्हं उतरायला लागलीत."

तीन वेष्टनं भरली. मुलं जवळ आली. धाकटा माझ्या मांडीवर चढला, मग तिच्या, मग पुन्हा वाळूत. थोरली तिच्या आईला टेकून उभी राहिली, माझ्यासमोर, पहिल्यांदा उघड, आणि दचकली नाही. मी बघत होते हे तिला दिसत होतं, तरी.

"अजून काही राहिलं, ताई?" भावजयीने विचारलं.

"एवढंच," मी म्हटलं.

खोटं बोलले. एक शब्द राहिला. झोपेत अर्धवट जागा झाला की धाकटा एक शब्द म्हणतो, आणि मी त्याला एक उत्तर देते, की तो परत झोपतो. दोघांचाच आहे, थोरलीलाही ठाऊक नाही. भावजयीला अडेल त्याच्यावाचून, एखाद-दोन वेळा. ती तिचं उत्तर शोधून काढेल, हुशार आहे. माझं मी देणार नाही. पोरं दिली तिला, शब्द दिले, मशीनचा आवाजसुद्धा जिभेने काढून दिला. हा एक मी घेऊन चाललेय. या वहीतही लिहिणार नाही. ज्याला हरकत असेल त्याने यावं आणि माझ्याकडून काढून घ्यावा.